मागच्या लाँचनं येतो

नाशकात समुद्र नाही. ही गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक असते, पण आमच्या घरमालकांना ती मान्य नव्हती. गंगापूर रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं, आणि फाटकाशेजारी एक काळा फळा टांगलेला असायचा. त्यावर रोज सकाळी खडूनं त्या दिवसाच्या वेळा लिहिलेल्या असत, जसं: 'भरती १०.३०. ओहोटी ४.४०.' एकदा एक बेकार पदवीधर हातात फाइल घेऊन आला आणि विचारू लागला, "साडेदहाची भरती कुठल्या खात्याची आहे?" आतून उत्तर आलं, "पाण्याची." "म्हणजे पाणीपुरवठा?" "समुद्राची." बिचारा फाइल छातीशी धरून उलट्या पावली गेला.

मी तिथे राहायला गेले चौऱ्याण्णव साली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात प्रयोगशाळेत नवीनच लागले होते, घर नांदगावला, लग्न व्हायचं होतं. आई बरोबर आली होती खोली बघायला. आम्ही दार वाजवलं तर दार उघडेना. मग बाजूच्या भिंतीतून आवाज आला, "खिडकीवर या."

बघते तर भिंतीत चक्क तिकिटाची खिडकी. लोखंडी जाळी, आणि खाली हात जाईल एवढं अर्धगोल भोक. जाळीमागे पांढरी टोपी घातलेला, साठी उलटलेला एक माणूस खुर्चीत ताठ बसलेला.

"किती पॅसेंजर?"

"मी एकटीच."

"लगेज?"

"एक ट्रंक, एक गादी, आणि स्टोव्ह."

"स्टोव्ह रिकामा करून चढवायचा. रॉकेल भरलेला चालत नाही. पुढचे कोण आहेत?"

पुढचं कुणी नव्हतं. माझ्यामागे फक्त आई होती. तीही निमूटपणे पुढे सरकली नि म्हणाली, "मी निस्ती पोचवाया आले, दादा." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ह्यो बाबा लय येडा हाय. पन नजरंत खोट नाय. ऱ्हा तू इथंच." आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून मी राहिले, आणि लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेले तरी त्या खिडकीवर जाणं काही सुटलं नाही.

काकांनी तीस वर्षं मुंबईला भाऊच्या धक्क्यावर तिकिटं दिली होती. तिथून रेवसला लाँच जाते. रेवसला उतरलं की पुढे अलिबाग. रस्त्यानं जायचं तर पेणवरून वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा, पाण्यानं दीड तासात माणूस पलीकडे. तेव्हा चाकरमानी, वऱ्हाडं, आजारी माणसं, कोंबड्यांची खुराडी, बर्फाच्या लाद्या, आंब्याच्या पेट्या, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून चढायचं. एकदा म्हणे एका म्हशीचं तिकीट काय द्यायचं यावरून अर्धा तास वाद झाला, आणि तेवढ्यात म्हैस आपली आपण लाँचमध्ये जाऊन उभी राहिली. ही म्हैस दर सांगण्यात थोडी थोडी मोठी होत जाई.

रेवसचं बंदर गाळाचं. पाणी असेल तर लाँच धक्क्याला लागे, नाहीतर अलीकडेच चिखलात बसून राही. त्यामुळे भरती कधी आहे हे ज्याला कळतं तोच धक्क्यावरचा शहाणा. काकांचं सगळं गणित तिथीवर. अमावास्या किंवा पौर्णिमेपासून तिथी मोजायची आणि तिला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, लावायची. "चार पाऊण तीन. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. आठ पाऊण सहा. अष्टमीला सहा. कळलं का पॅसेंजर? मास्तरांनी छड्या मारून पाऊणकी पाठ करून घेतली ती कशासाठी, हे मला धक्क्यावर कळलं." अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो, त्याला ते भांग म्हणत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. आज भांग असेल तर काकांचा आवाजही जरा खालच्या पट्टीत लागायचा.

नाशकात या ज्ञानाचा उपयोग काय, तर शून्य. पण काकांनी घरच बंदर करून टाकलं होतं. भाडेकरू म्हणजे पॅसेंजर. पाहुण्यांच्या पिशव्या म्हणजे लगेज. संध्याकाळी माझ्या दाराबाहेरच्या चपला मोजून जायचे नि खिडकीतून ओरडायचे, "तीन जोड आहेत! पॅसेंजर एक! बाकीचे कोण?" मैत्रिणी खोलीत हसून लोळायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी एकदा तणतणत जाऊन सांगितलं, "काका, हे घर आहे, लाँच नाही." ते शांतपणे म्हणाले, "मोजलेलं माणूस हरवत नाही." कपाळ माझं!

खोटं कशाला बोलू, त्यांच्यामुळे माझी एकलहऱ्याची बस मात्र कधी चुकली नाही. सकाळी मी वेणी घालत असताना बाहेरून आरोळी यायची, "पॅसेंजर, चार मिनिटं!" आणि ती चार म्हणजे चारच असायची.

गोदावरीवर त्यांचा राग होता. नाशकात राहून गंगेला नावं ठेवणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. रामकुंडावर काकूंचं दहावं झालं तेवढंच, नंतर तिकडे फिरकले नाहीत. काकू इथल्याच, त्यांच्या माहेरच्या जागेवर हे घर बांधलेलं. मी यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. "ही नदी एकाच दिशेला जाते," काका म्हणायचे. "गेली ती गेली. समुद्राचं तसं नाही. नेलेलं पाणी बारा तासांत परत आणून देतो."

आणि त्यांचं ते वाक्य! गल्लीत कुणाचं लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, लोक प्रेमानं बोलवायला यायचे. काका जाळीतून सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे. मी मागच्या लाँचनं येतो." आणि कधीच जायचे नाहीत. मग ते वाक्य गल्लीचंच झालं. एखादा उधारी बुडवणार असेल, एखादी सासूला न्यायचं टाळत असेल, तर लोक म्हणायचे, तो काय, मागच्या लाँचनं येणार! माझ्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेले तेव्हा मला काय ऐकायला मिळालं असेल ते सांगायला नको. मी रागानं म्हटलं, "नका येऊ, उपकार होतील." त्यांनी भोकातून एक डबी सरकवली. आत नवी कोरी जोडवी होती. पण आले नाहीत ते नाहीतच.

दर मे महिन्यात मात्र त्या घरी एक सोहळा व्हायचा. अलिबागहून पांढऱ्या कांद्याची माळ यायची. तिकडे काकांची धाकटी बहीण होती. ती माळ रेवसला लाँच चालवणाऱ्या सारंगाकडे द्यायची, सारंग ती धक्क्यावरच्या एका जुन्या हमालाकडे, आणि हमाल नाशिकहून भाजी घेऊन आलेल्या ट्रकवाल्याकडे. रिकामा ट्रक परतताना माळ आमच्या गल्लीत. हसून हसून लोकांची पोटं दुखायची. लासलगाव तासाभरावर, अख्ख्या देशाला कांदा खाऊ घालणारा जिल्हा, आणि हा गृहस्थ समुद्रापलीकडून कांदा मागवतो! शेजारचे किराणावाले एकदा म्हणालेच, "काका, हिमालयात बर्फ नेण्यातला प्रकार झाला हा." काका माळेला कुरवाळत म्हणाले, "तुमचा कांदा रडवतो. हा रडवत नाही." मग सगळ्यांना दोन दोन कांदे वाटायचे, रांगेत उभं करून.

एका वर्षी मे अर्धा सरला तरी माळ आली नाही. फळ्यावर भरती-ओहोटी रोज लिहिली जात होती, पण आकडे पुसट यायला लागले. मग एका दुपारी भाच्याचा फोन आला. मी तेव्हा मुलीला घेऊन तिथे गेले होते, फोन मीच घेतला. "मामांना सांगा, आई अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणतात, दिवस थोडे आहेत. दादाला एकदा बघायचंय, एवढंच म्हणते."

मी निरोप दिला. काकांनी खिडकीतून फळ्याकडे पाहिलं. "आज भांग आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर, "वारा बरा नाही." तिसऱ्या दिवशी, "बघू, पाणी कसंय." माझं डोकंच सणकलं. नाशकात बसून वारा बघतोय हा माणूस! मी जाळीवर हात आपटला. "काका, पनवेलवरून एसटी जाते अलिबागला. तिला भरती लागत नाही. सख्खी बहीण मरतेय आणि तुम्ही तिथ्या कसल्या मोजताय?"

ते म्हणाले, "मी रेवसला कधी गेलेलो नाही."

"म्हणजे?"

"कधीच नाही. तीस वर्षं लोकांना पाठवलं. आपण नाही गेलो."

मी तिथेच पायरीवर बसले. आणि मग जाळीच्या आतून, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत असावी तशा आवाजात, त्यांनी सांगितलं.

वडील नव्हते. बहिणीचं लग्न यांनीच जमवलं, मुलगा अलिबागचा. लग्न तिकडे, रेवसच्या धक्क्याजवळच्या देवळात, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड लाँचनं जायचं होतं. त्या दिवशी खिडकीवरचा जोडीदार आला नाही, म्हणून काका धक्क्यावरच अडकले. "आदल्या दिवशी षष्ठी होती. म्हणजे आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. सव्वापाचला पूर्ण भरती, निवांत वेळ आहे, म्हणून मी माल चढवून घेतला, लाँच उशिरा सोडली. बहिणीला म्हटलं, तू हो पुढे, मी खिडकी बंद करून मागच्या लाँचनं येतो." त्यांनी फळ्याकडे बघितलं. "पण त्या पंधरवड्यात षष्ठी दोन होत्या. पंचांगात कधी कधी एकच तिथी दोन दिवस राहते. मी पान नीट बघितलंच नाही. भरती साडेचारलाच होऊन गेली होती. त्यात भांगाचे दिवस. पाऊणकी बरोबर होती गं माझी, तिथी चुकली."

वऱ्हाडाची लाँच रेवसच्या अलीकडे चिखलात बसली. नवरी शालू सावरत गुडघाभर चिखलातून चालत गेली. मुहूर्त टळला. मागची लाँच पाणी नाही म्हणून सुटलीच नाही. दुसऱ्या दिवशी खलाशांनी काकांना सगळं सांगितलं, वर हसून सांगितलं. सासरी तिचं नाव पडलं चिखलातली नवरी. दहा वर्षांत नवरा गेला, तेव्हा लोक म्हणाले, मुहूर्त टळला त्याचं हे फळ.

"तिनं कधी बोलून दाखवलं?"

"नाही. भाऊबीजेला ती मुंबईला यायची. मी हवापाण्याचं बोलायचो. ती पोरांचं बोलायची. तो विषय तिनं काढला नाही, मी काढला नाही. ये म्हणायची. मी म्हणायचो, येतो मागच्या लाँचनं." मग म्हणाले, "एसटीनं नाही जायचं. ती म्हणेल, दादा चोरवाटेनं आला."

मला त्यांचा राग आला होता तो गेला, आणि दुसराच आला. एवढ्याशा चुकीपायी पन्नास वर्षं? पण म्हटलं, "परवा मला सुट्टी आहे. मी येते बरोबर. दोन पॅसेंजर." त्यांनी पंचांग काढलं, बोटानं तिथ्या मोजल्या, पान उलटलं, परत मागे आणलं. पुन्हा मोजल्या. "परवा त्रयोदशी," म्हणाले. "चालेल."

सकाळच्या गाडीनं निघालो, अकराच्या सुमाराला मुंबई, तिथून टॅक्सीनं धक्का. मासळीचा वास, कोळणींची भांडणं, दोरखंड, डिझेल. काका सगळ्याकडे पाहत होते, पण जुनी जागा भेटल्याचा आनंदबिनंद काही चेहऱ्यावर नव्हता. तिकिटाच्या खिडकीसमोर मात्र पाय अडखळले. उभा जन्म जाळीच्या आत काढलेला माणूस पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला उभा होता. आतल्या माणसानं विचारलं, "किती?" मीच म्हटलं, "दोन."

बाराची लाँच सुटत होती. मी चढायला निघाले तर काका बाकावर बसले. "चहा घेऊ." ती लाँच गेली. मग त्यांना टोपी सारखी करायची होती. मग भजी. तासाभरानं दुसरी लाँचही गेली. आता इतक्या वर्षांत मलाही पाऊणकी येत होती. "काका," मी म्हटलं, "त्रयोदशी आहे. तेरा पाऊण पावणेदहा. भरती केव्हाच होऊन गेली, पाणी उतरतंय. आणखी उशीर केला तर लाँच चिखलात बसेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शाळेतला मास्तर हुशार पोरीकडे बघतो तसं. "गणित बरोबर आहे," म्हणाले, आणि बशीतला उरलेला चहा प्यायले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस तिथी चुकलेला नव्हता. तिथी शोधून काढून आला होता.

तिसऱ्या लाँचमध्ये आम्ही बसलो. ते कठड्याला घट्ट धरून होते, आणि ओठांतल्या ओठांत चढलेली माणसं मोजत होते. एकसष्ट भरली. रेवस दिसायला लागलं तसं इंजिनचा आवाज बदलला, तळ घासला, आणि लाँच थांबली. धक्का समोरच, हाकेच्या अंतरावर, मधे नुसता काळा चिखल. लोक सारंगाच्या नावानं शंख करायला लागले. एक लहान होडी आली, बायाबापड्या नि सामान तिच्यात उतरायला लागलं. "आजोबा, या," होडीवाला म्हणाला, "पाय सांभाळून."

"मी चालत येतो," काका म्हणाले.

"चालत? अहो, मांडीभर आहे काही ठिकाणी!"

त्यांनी धोतर वर खोचलं, वहाणा माझ्या हातात दिल्या, आणि शिडीवरून खाली उतरले. सत्तरी ओलांडलेला माणूस, एक पाय उपसावा तर दुसरा आत. लाँचमधले लोक हसत होते, कुणी शिट्टी मारली. मी होडीतून त्यांच्याबरोबरीनं जात होते आणि ओरडत होते, काका, हात द्या, काका, पुरे झालं! त्यांनी मान वर केली नाही. एकदा बसलेच मटकन. उठले. धक्क्याच्या पायऱ्यांना हात लागला तेव्हा भाचा धावत खाली आला, "मामा, हे काय करून घेतलंत!" त्यांनी त्याला विचारलं, "आहे ना ती?" भाचा म्हणाला, "आहे. वाट बघतेय."

घर अलिबागच्या अलीकडे, वाडीत. ओटीवर भाच्यानं पाय धुवायला पाणी काढलं. काका तसेच आत गेले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर काळी पावलं उमटत गेली, आणि सून काही बोलणार तेवढ्यात भाच्यानं तिला खुणेनं गप्प केलं.

बहीण खाटेवर होती. अगदी चिपाड झालेली, पण डोळे काकांचेच. तिनं आधी भावाच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पायांकडे, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला.

"ओहोटीला आलास? तू?"

"हो."

"मुद्दाम?"

काकांनी मान हलवली. मग एकदम म्हणाले, "माझी तिथी चुकली होती गं. षष्ठी दोन होत्या. तुझा मुहूर्त माझ्यामुळे चिखलात गेला." एवढं वाक्य बोलायला त्यांना पन्नास वर्षं लागली होती, आणि ते खिडकीतल्यासारखं भराभर बोलून टाकलं.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "चिखलात? अरे वेड्या, चिखल काय, शालू वर खोचला नि दहा मिनिटांत पार केला मी. पोरीबाळी हसत होतो आम्ही. मुहूर्ताला अवकाश होता अजून. भटजी तयार, अंतरपाट तयार. मीच धक्क्यावर बसून राहिले. म्हटलं, दादा मागच्या लाँचनं येतोय. नवऱ्याचा कान पिळायला भाऊ नको? तो आल्याशिवाय मी उभी राहायची नाही." तिला दम लागला. "दिवेलागण झाली. मग सासऱ्यांनी हाताला धरून नेलं."

काका उभेच होते. पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडायला लागला होता. त्यांचे हात नुसते हलत होते, काहीतरी मोजत असावेत तसे. मला तिथे उभं राहवेना, पण दारही सोडवेना.

तिनं खाटेवर हातानं चाचपून जागा केली.

"ही मागची लाँच का रे, दादा?"

"हो," काका म्हणाले. "हीच."

"मग ये, बस. मी थांबलेच होते."